आकडा जुळल्याशिवाय

४ एप्रिल

प्रिय गोगे,

सुटले बाई एकदाची. परवा दुकानात माझा निरोपाचा कार्यक्रम झाला. मालकांनी भाषण केलं, त्यात माझं नाव दोनदा चुकवलं, आणि भेट म्हणून काय दिलं असेल? चष्मा. बत्तीस वर्षं मी त्या दुकानात लोकांना ‘आता खालची ओळ वाचा’ म्हणत उभी राहिले, आणि जाताना मीच घासलेल्या काचा माझ्याच नाकावर. हसावं की रडावं कळेना, म्हणून दोन्ही उरकून घेतलं.

आता मुद्द्याचं. या उन्हाळ्यात मी तुझ्याकडे येतेय. ‘बघू, जमवू’ असलं येणं नव्हे, खरंखुरं. तू लग्न होऊन त्या गावात गेलीस त्याला सदतीस वर्षं झाली. तुमचं तळं आणि टेकडी बघायला कुठून कुठून लोक येतात, आणि तुझी शाळेतली बाकावरची मैत्रीण मात्र एकदाही आली नाही. आधी सासूबाईंचं दुखणं, मग आमच्या ह्यांचं, मग दुकान. आता घरात मी आणि मांजर, आणि मांजर शेजारणीकडे राहायला एका पायावर तयार आहे.

तर भावोजींना कामाला लाव. माणसाने तीस वर्षं शहरदर्शनाची बस चालवली, वर माइकवरून माहितीही स्वतःच सांगितली, असा माणूस घरात असताना मी छापील पुस्तकं कशाला वाचू? त्यांना विचारून नीट यादी पाठव. काय बघायचंच, कशाला फाटा द्यायचा, चहा कुठे बरा मिळतो, आणि मुख्य म्हणजे कुठे कुठे टेकायला जागा आहे. माझे गुडघे आता माझं ऐकत नाहीत.

तू फोन का उचलत नाहीस? दोनदा केला, वाजून वाजून बंद पडला. म्हणून हे पत्र. शाळेतही हाक मारली की तिसऱ्या हाकेला मान वळवायचीस, उगाच नाही गोगलगाय नाव पडलं.

तुझी,
भिंगरी


११ एप्रिल

प्रिय भिंगरे,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. एकदा मनात आणि एकदा मोठ्याने, ह्यांच्यासमोर. हे एकदम ताठ बसले. आधी तुझ्या गुडघ्यांसाठी बाकं सांगितली, मग म्हणाले, पाहुण्यांना सांगा, सुरुवात जुन्या टॉवरपासून.

तर घे लिहून. टॉवरपाशी सकाळी साडेआठला पोच. घड्याळाच्या चार बाजूंना चार वेगळ्या वेळा दिसतात, त्यातली पूर्वेची खरी. नंतर काचघर. आत शिरलीस की पहिल्यांदा चष्म्यावर वाफ धरेल, पुसत बसू नकोस, आपोआप जाते. उजवीकडे नेच्यांची रांग आहे आणि मधोमध एक वेल, जो छताच्या काचेला टेकला की माळी कापतो, आणि तो पुन्हा टेकतो. बाहेर आइस्क्रीमवाला आहे. पिस्त्याचं घेऊ नकोस, नुसता रंग असतो, व्हॅनिला घे. टेकडीच्या जिन्याला एकशे शहाऐंशी पायऱ्या. बाकं चार. तिसरं सावलीत आहे, गुडघ्यांना तिथपर्यंत कळ काढायला सांग.

आणि ह्यांचं नेहमीचं वाक्य: ‘डाव्या हाताला बघा. उजव्या हाताचं परतताना, नाहीतर तुम्ही परत कशाला याल?’

फोनचं म्हणशील तर मी तो काढूनच टाकलाय. फार वाजायचा. पत्रच लिही. आणि हो, घरी रंगकाम काढलंय, सगळं सामान मधोमध आणून ठेवलंय, तेव्हा उतरायला तळ्यासमोरचं लॉज बरं. रागावू नकोस. तू येशील तोवर काय होतंय बघू.

माझं चाललंय. गणवेशांच्या दुकानाचं काम घरपोच येतं. सध्या साडेतीनशे शर्टांना बटणं लावायची आहेत, शाळा उघडायच्या आत.

भिंगरे, एक कर. प्रश्न विचार. फुटकळ, वेडगळ, कसलेही. जितके सुचतील तितके विचार.

तुझी,
गोगी


१७ एप्रिल

प्रिय गोगे,

प्रश्न विचार म्हणणारी तू पहिलीच भेटलीस. दुकानात माझ्या प्रश्नांना कंटाळून लोक चष्मा न घेता जायचे.

तर: टॉवरची बाकीची तीन घड्याळं कुणी दुरुस्त का करत नाही? काचघरात घेरी आली तर बसायला काही आहे का? तळ्यात फिरवणारी लाँच आहे म्हणतात, ती किती वाजता सुटते, आणि मला पाण्यात मळमळतं, तर कुठे बसू? टेकडीवर पोचल्यावर नक्की दिसतं काय, की नुसतंच ‘वा वा’ करायचं? भावोजींच्या गाडीत कधी कुणी भांडलं का? कुणी हरवलं का?

रंगकामाचं मला काही नाही गं, पण सदतीस वर्षांनी येणारीला लॉज? असो. तुझ्या भिंती तुला लखलाभ.

बरं, एक गंमत. माझ्या भाचीचं गेल्या महिन्यात लग्न झालं. दोघांना चार दिवस कुठेतरी जायचं होतं, मी म्हटलं, माझ्या मैत्रिणीच्या गावाला जा, सगळं हातावर काढून दिल्यासारखं आहे. तुझं पत्र तिने उतरवून घेतलं. जावईबापू जरा शिष्ट आहेत, त्यांना म्हटलं, बघाच आता, आमचा माणूस तिथला जाणकार आहे. महिनाअखेरीस निघतायत. मी मे महिन्यात येते.

तुझी,
भिंगरी


२३ एप्रिल

प्रिय भिंगरे,

तुझे सगळे प्रश्न विचारले. एका दिवशी नाही, रोज दोन-दोन.

घड्याळं दुरुस्त करत नाहीत कारण चारही जुळली तर बघायला कोण येईल, असं हे म्हणतात. काचघरात वेलाखाली लोखंडी बाक आहे, गार असतं. लाँच दर चाळीस मिनिटांनी सुटते, शेवटची सव्वापाचला, सुटण्याआधी दोनदा शिट्टी. पुढे बसलीस तर पाणी उडतं, मागे धूर येतो. मधलं बाक, उजवीकडून तिसरी जागा. टेकडीवरून आपलं लॉज दिसतं, ‘एवढं चढून आपण पुन्हा तेच बघायचं’ असं प्रवासी म्हणतात आणि मग तासभर हलत नाहीत.

हरवण्याचं विचारलंस ते बरं केलंस. त्याचं उत्तर सांगताना हे पुष्कळ बोलले. ह्यांचा नियम होता, प्रत्येक थांब्यावर गाडी सुरू करण्याआधी मागून पुढे चालत यायचं, एकेका सीटच्या पाठीला हात लावत डोकी मोजायची. आकडा जुळल्याशिवाय गाडी हलत नाही. एकदा काचघरापाशी एक जण कमी भरला. पन्नास मिनिटं हे थांबले. लोक ओरडायला लागले, एकाने तक्रारीची वही मागितली. हे आणि माळी शोधत सुटले, तर एक म्हातारेबुवा त्या लोखंडी बाकावर गाढ झोपलेले. त्यांना हाताला धरून आणलं तेव्हा जे ओरडत होते त्यांनीच टाळ्या वाजवल्या. हे म्हणाले, टाळ्या नकोत, जागेवर बसा, मला पुन्हा मोजू द्या.

भाचीला आत्ताच पाठवायची घाई करू नकोस गं. आधी तू ये. मेच्या पहिल्याच आठवड्यात नाही का जमणार? नंतर इथे ऊन फार होतं.

तुझी,
गोगी


५ मे

गोगे,

‘प्रिय’ लिहवत नाही, म्हणून लिहिलं नाही.

तुझं पत्र मिळायच्या आधीच पोरं निघाली होती. काल परतली. आता ऐक. तळ्यावर लाँच नाही. पाच वर्षांपूर्वी बंद पडली म्हणे. काचघराच्या जागी गाड्या लावायची चार मजली इमारत आहे. आइस्क्रीमवाल्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं टांगलीयत. टॉवरवर एकच घड्याळ उरलंय आणि तेही बंद. पोरं तुझा कागद हातात धरून दिवसभर उन्हात वणवण हिंडली. जावईबापू जो भेटेल त्याला काचघर विचारायचे आणि लोक त्यांच्याकडे वेड्यासारखे बघायचे. संध्याकाळी लॉजवर दोघांचं भांडण झालं. लग्नानंतरचं पहिलं, तुझ्या कृपेने.

हेही मी गिळलं असतं. पण भाची दुसऱ्या दिवशी तुझा पत्ता शोधत तुझ्या दाराशी आली. तू कडी काढून चार बोटं दार उघडलंस, ‘आत्ता नको’ म्हणालीस आणि लावून घेतलंस. पाणी विचारलं नाहीस. आणि रंगाचा वाससुद्धा आला नाही म्हणते ती.

मी काय समजायचं? म्हातारपणी मैत्रीण गळ्यात पडायला येतेय, तिला कसं टाळावं, तर आधी लॉज, मग खोट्या जागा. तुला मी यायला नको होते तर एका ओळीत लिहायचं होतंस. मी बत्तीस वर्षं गिऱ्हाइकांची तोंडं वाचलीत, एवढं मला कळलं असतं. उगाच माझ्याकडून वेड्यासारखे प्रश्न लिहून घेतलेस आणि दोघं मिळून हसलात.

येत नाही मी. पत्रही नको.

भिंगरी


९ मे

प्रिय भिंगरे,

तू माझ्यावर रागावलीस ते बरोबरच आहे. मी खोटं बोलले. रंगकाम नाही. पण जागा खोट्या नव्हत्या गं. काचघर पाडलं हे मला तुझ्या पत्रातून कळलं. मी सहा वर्षांत कोपऱ्यावरच्या वाण्याच्या पलीकडे गेलेली नाही.

ह्यांना विसरण्याचा आजार आहे. सहा वर्षांपूर्वी एक दिवस चौतीस प्रवाशांना घेऊन ह्यांनी तळ्याला तीन चकरा मारल्या. पुढे कुठे वळायचं ते आठवेना. कंपनीने मानाने घरी पाठवलं. बरोबरचे ड्रायव्हर एकदा भेटायला आले, तर तान्ह्या बाळाशी बोलावं तसे मोठमोठ्याने बोलले. ते गेल्यावर हे खूप रडले. त्या दिवसापासून मी दार लावून घेतलं. फोन वाजला की ह्यांना वाटतं डेपोतून बोलावणं आलं, किल्ल्या शोधत घरभर फिरतात. म्हणून तो काढला.

पुढच्या खोलीत मी सहा खुर्च्या दोन रांगांत मांडल्यात. हे पुढे बसतात, मी शेवटच्या खुर्चीवर बटणं लावत बसते. मला ओळखत नाहीत. ‘शेवटच्या सीटवरच्या बाई’ म्हणतात, अदबीने विचारतात, बाई, वारा लागतोय का, खिडकी लावू? लग्नाच्या पहिल्या वर्षी मी ह्यांच्या बसमधून एकदाच गेले होते, शेवटच्या सीटवर बसून. त्यातलंच काही राहिलं असेल, असं मी मनाशी धरून चाललेय.

हिवाळ्यापासून बोलणंही तुटलं होतं. अर्धे शब्द, तेही चिडून. मग तुझं पत्र आलं. मी मोठ्याने वाचलं, ‘कुठे टेकायला जागा आहे?’ आणि हे वळले. म्हणाले, जिन्याला चार बाकं आहेत, तिसरं सावलीत. भिंगरे, चार महिन्यांनंतरचं ते पहिलं सरळ वाक्य. माझ्या हातातली सुई पडली. मी लगेच ते लिहून घेतलं आणि तुला पाठवलं. पुढचंही सगळं तसंच. तू विचारायचीस आणि माझा नवरा दहा मिनिटं घरी यायचा.

तुला का सांगितलं नाही? सांगितलं असतं तर तू त्यांची तब्येत विचारली असतीस. मला तू काचघर विचारायला हवी होतीस.

तुझी भाची आली तेव्हा ह्यांची फेरी चालू होती. अनोळखी चेहरा दिसला की धागा तुटतो आणि दोन-दोन दिवस सापडत नाही. पोर उन्हाने लाल झाली होती. मी दार लावलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले. तिला सांग, मला माफ कर.

आता खरं मागणं. रोज दिवेलागणीला हे उठतात, खुर्च्यांच्या पाठींना हात लावत मोजतात आणि म्हणतात, एक कमी आहे. मग कासावीस होतात. मी म्हणते, एक बाई यायच्यात, गाडीतून उतरल्यात, निघाल्यात. मग म्हणतात, असं का, मग थांबू. आणि शांत बसतात. ती बाई म्हणजे तू आहेस. तू आलीस आणि रिकाम्या खुर्चीवर बसलीस तर एकदा तरी त्यांचा आकडा जुळेल. प्रवासी म्हणून आलीस तर धागा तुटायचा नाही. डॉक्टर म्हणतात, हेही फार दिवस टिकणार नाही. टॉवर मागच्या आठवड्यात गेला. काचघर, लाँच आणि टेकडी उरलीय.

घरीच उतर. ये लवकर.

तुझी,
गोगी


२० मे

प्रिय भिंगरे,

तुझं उत्तर नाही. रागाव, खुशाल रागाव, पण एखादा प्रश्न तरी पाठव. मी माझ्या मनाचे विचारून बघितले, पण मला उत्तर द्यावंसं त्यांना वाटत नाही. पत्र फोडल्याचा आवाज आला की मात्र अजून मान वळवतात. मी जुनीच पाकिटं पुन्हा चिकटवते आणि फोडते.

टेकडी गेली. परवा लाँच गेली. आता फक्त काचघर राहिलंय, तेही वेलापर्यंतच.

तुझी,
गोगी


३१ मे

प्रिय गोगे,

कुठल्या तोंडाने लिहू?

तुझं नऊ तारखेचं पत्र मी फोडलंच नव्हतं. पाकिटावरचं अक्षर बघितलं, चहाच्या डब्यामागे खोचून ठेवलं. दुसरं आलं तेही त्याच्यामागे. रोज चहा करताना दिसायचं आणि मी मान फिरवायचे, की बघा, मी किती खंबीर. आज भाची आली. साखर काढताना तिच्या हाताला लागली. म्हणाली, मावशी, ही बंदच? मी म्हटलं, राहू दे, त्या बाईचं नाव काढू नकोस. तेव्हा ती म्हणाली, मावशी, एक सांगायचं राहिलं, त्या दाराच्या फटीतून मला आत एकामागे एक खुर्च्या दिसल्या, आणि एक आजोबा कुणालातरी सांगत होते, डाव्या हाताला बघा.

मी उभ्या उभ्याच पत्रं फोडली. बावीस दिवस गोगे. बावीस दिवस तू दाराकडे बघत बसलीस आणि मी चहा पीत बसले.

सहा तारखेला सकाळच्या गाडीने पोचते. त्याआधीचं तिकीट नाही, तीन ठिकाणी रांगा लावून आले. तोवर हे प्रश्न घे. पाकीट त्यांच्यासमोर फोड.

काचघरातला वेल कापताना माळी रडायचा का? नेच्यांना पाणी सकाळी घालायचे की संध्याकाळी? म्हातारेबुवा झोपले होते तेव्हा घोरत होते का? जागे झाल्यावर पहिलं काय म्हणाले? चष्म्यावरची वाफ किती वेळाने जाते? मला यायला थोडा उशीर झाला तर गाडी थांबेल ना? आणि शेवटच्या सीटवरच्या त्या बाई कोण आहेत, तुमच्या ओळखीच्या वाटतात का?

येतेय मी. त्यांना सांग, ती बाई गाडीत बसली.

तुझी,
भिंगरी


४ जून

प्रिय भिंगरे,

तुझं पत्र आज मिळालं. हे परवा दुपारी गेले. दोन दिवस ताप होता, छातीत कफ झाला. त्रास फार झाला नाही.

पाकीट मी त्यांच्या खुर्चीसमोर बसून फोडलं. सगळे प्रश्न वाचले, शेवटचा सोडून. तो मी ते असतानाही विचारला नसता, माझ्यात तेवढा धीर नाही.

शेवटी काही बोलले नाहीत. तू मनाला लावून घेऊ नकोस.

तिकीट काढलंच आहेस तर ये.

गोगी


२८ जून

प्रिय भिंगरे,

तू होतीस तोवर घर भरल्यासारखं होतं. तू गेल्यावर मी खुर्च्या पुन्हा टेबलाभोवती लावल्या, दोन दिवसांनी परत रांगेत मांडल्या. असू दे तशा.

एक विचारायचंय. आपण बसने गेलो त्या दिवसाचं मला काही आठवत नाही. घरातून निघालो ते आठवतं, आणि परत आल्यावर तू माझे पाय गरम पाण्यात ठेवलेस ते. मधलं कोरं आहे. मला भीती वाटली, ह्यांच्यासारखं माझंही सुरू झालं की काय. डॉक्टर म्हणाले, तसं नाही, दुःखात होतं असं. तरी तू लिहून पाठव. आपण काय काय बघितलं?

तुझी,
गोगी


५ जुलै

प्रिय गोगे,

घे लिहून. या वेळी मी सांगते.

सात तारखेला सकाळी तू म्हणालीस, चल, तुला गाव दाखवते. सहा वर्षांनी तू वाण्याच्या पुढे पाऊल टाकलंस. कोपऱ्यावर थांबलीस, माझा दंड धरलास आणि विचारलंस, बस आता कुठून सुटते? मला काय माहीत, मी कालच आलेली. आपण शाळेतल्या पोरींसारख्या एका बाईंना विचारलं.

साधी गावातली बस होती. तू सरळ शेवटच्या सीटवर जाऊन बसलीस. टॉवर आला आणि तू हळूच बोलायला लागलीस, अगदी त्यांच्या शब्दांत. डाव्या हाताला बघा. पूर्वेचं घड्याळ खरं. मी बघितलं, तिथे बंद घड्याळ होतं, मी म्हटलं, हो. पुढे ती गाड्या लावायची इमारत आली. तू खिडकीला बोट टेकवून नेच्यांची रांग दाखवलीस, वेल दाखवलास, लोखंडी बाक दाखवलंस. तुझा आवाज चढला होता, तुला कळलं नसेल. पुढच्या सीटवरचा भाजीची पिशवी घेतलेला माणूस वळला. मला वाटलं आता हसणार. तो त्या इमारतीकडे बघत म्हणाला, माझ्या आईने मला इथे व्हॅनिला घेऊन दिलं होतं.

तळ्यापाशी उतरलो. धक्क्यावर बसलो. लाँच नव्हती, पण तू मला मधल्या भागात बसवलंस, उजवीकडून तिसरी जागा. टेकडी मी नको म्हटलं, तू म्हणालीस, तिसऱ्या बाकापर्यंत तरी. तिसरं बाक आहे, गोगे. सावलीतच आहे. त्यांनी सांगितलेल्यापैकी तेवढं एक जागेवर होतं. तू त्याच्यावर बसलीस आणि तिथे पहिल्यांदा रडलीस.

परतीच्या बसचं मी लिहावं की नाही, याचा चार दिवस विचार केला. पण तू विचारलंयस, आणि आपल्यात आता लपवालपवी नको.

बस निघाली आणि तू ताडकन उठलीस. मोठ्याने म्हणालीस, ‘थांबवा गाडी. एक कमी आहे.’

ड्रायव्हरने ब्रेक मारला. सगळे मागे बघायला लागले. मी तुला खाली ओढायला लागले, तर तू माझं मनगट धरलंस आणि मला सांगितलंस. तू लिहिलं होतंस की ते शेवटी काही बोलले नाहीत. बोलले होते. तापात उठून बसले, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, एक कमी आहे. तू म्हटलंस, ती येतेय, आपण निघू, हळूहळू पुढे जाऊ. तर म्हणाले, ‘नाही बाई. आकडा जुळल्याशिवाय गाडी हलत नाही.’ एवढं बोलून पडून राहिले, दाराकडे तोंड करून.

ड्रायव्हर विचारत होता, कोण राहिलंय, मावशी? त्यांच्या गाडीत कमी होते ती मी, चहाच्या डब्यामागे तुझी दोन पत्रं खोचून बसलेली. आणि आता ते कमी होते. शेवटी मी एवढंच म्हणाले, आमचा माणूस आहे, तीस वर्षं बस चालवायचा. ड्रायव्हर, मोठ्या मिशांचा, पन्नाशीचा असेल, त्याने आरशातून तुझ्याकडे नीट बघितलं आणि इंजिन बंद केलं. तक्रारीची वही कुणी मागितली नाही.

तू मागून पुढे निघालीस. एकेका सीटच्या पाठीला हात लावत, एकेका डोक्याकडे बघत. भाजीच्या पिशवीचा माणूस परतीलाही आपल्याच बसला होता, तू जवळ आलीस तसा तो सरळ होऊन बसला. मी शेवटच्या सीटवरून बघत होते. माझा नवा चष्मा होता तरी मला तू नीट दिसत नव्हतीस. तू पुढे पोचलीस, दांडीला धरून उभी राहिलीस, उघड्या दारातून बाहेर रस्त्याकडे बघितलंस. रस्त्यावर कुणी नव्हतं.

मग तू ड्रायव्हरला म्हणालीस, सतरा. चला.

आकडा जुळला नव्हता, गोगे. तरी तू चला म्हणालीस.

उशिरा आलेली,
भिंगरी